लांबलेले लग्न आणि शेजारचे बिऱ्हाड

नायक-नायिकेचे मीलन झाले की पडदा पडावा, ही नाट्यकलेची जुनी रीत आहे. रसिकांनी ती कधी नाकारली नाही. कारण रंगभूमीवरचा खेळ एका रात्रीचा असतो आणि रात्र सरताना समाधानाने घरी जाता यावे, एवढीच प्रेक्षकाची अपेक्षा असते. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेची अडचण नेमकी येथून सुरू होते. तिचा प्रेक्षक घरीच बसलेला असतो. पुढल्या आठवड्यात, आणि अलीकडे तर दुसऱ्याच दिवशी, त्याने त्याच वेळी त्याच पात्रांपुढे पुन्हा येऊन बसावे, यावर तिचे सारे अस्तित्व अवलंबून असते. मीलन घडवावे तर गोष्ट संपते आणि लांबवावे तर प्रेक्षक कंटाळतो. या पेचातून वाट काढण्याचे जे मार्ग निरनिराळ्या देशांतील लेखकांनी शोधले, त्यांतूनच विनोदी मालिकेचे आजचे स्वरूप घडले आहे.

मालिकेच्या जाहिरातीत जोडीचे छायाचित्र मोठे असते, चर्चाही जोडीचीच होते. त्यामुळे मालिका जोडीवर चालते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. जोडी प्रेक्षकाला दारापर्यंत आणते. त्याला घरात बसवून घेण्याचे काम शेजारी, मेहुणा, साहेब, हिशेबनीस, पोस्टमन अशी दुय्यम म्हणून गणली गेलेली माणसे करतात. ज्या मालिकांनी हे ओळखले त्या टिकल्या. ज्यांनी या माणसांना केवळ भरताड मानले, त्यांचा विनोद लवकर शिळा झाला.

मराठी प्रेक्षकाला हे तत्त्व अपरिचित नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये अश्विनशेठ आणि रेवती यांची प्रीती आहे, आणि तिच्याशिवाय नाटक उभे राहत नाही. तथापि नाटकाचे नाव निघताच प्रथम डोळ्यांपुढे येतो तो संशयाने पछाडलेला फाल्गुनराव. प्रेमिकांची जोडी कथेला दिशा देते, हशा मात्र दुसऱ्याच घरातून येतो. चिं. वि. जोशींच्या ज्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मालिका सादर केली, त्यांत तर खरी जोडी चिमणराव आणि काऊची नव्हे, चिमणराव आणि गुंड्याभाऊंची आहे. भित्रा कारकून आणि धिप्पाड, धडाडीचा मावसभाऊ या विसंगतीत जे रसायन होते, ते प्रीतीच्या कथेला क्वचितच साधते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची नावे आजही एका दमात घेतली जातात, याचे कारण हेच.

मुद्दल आणि व्याज

प्रेमकथा लांबवण्याचा प्रयोग सर्वांत पद्धतशीरपणे झाला तो अमेरिकेत. १९८२ साली तेथील एनबीसी वाहिनीवर ‘चीअर्स’ ही मालिका सुरू झाली. बॉस्टन शहरातील एक मद्यगृह हे तिचे स्थळ. मालक सॅम हा निवृत्त बेसबॉल खेळाडू, स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला. डायना ही तेथे नाइलाजाने नोकरी धरलेली, पुस्तकांत रमणारी उच्चशिक्षित तरुणी. दोघांचे भांडण, आकर्षण, जवळीक आणि फारकत यांवर पाच वर्षे कथानक फिरले. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत ही मालिका तळाजवळ होती. तरी वाहिनीने ती बंद केली नाही, आणि हळूहळू तिने आपला प्रेक्षक मिळवला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर अपुरी राहिलेली प्रीती हे मालिकेचे मुद्दल असते. ते हात न लावता ठेवले तर आठवड्यागणिक उत्सुकतेचे व्याज मिळत राहते. लग्न लावून दिले की मुद्दलच खर्ची पडते. म्हणून लेखक मुद्दल जपतो. दोघांना जवळ आणतो आणि पुन्हा दूर लोटतो. पण येथे दुसरा नियम आड येतो, तो घटत्या सीमांत उपयोगितेचा. पहिली ताटातूट प्रेक्षकाला चटका लावते, दुसरी हुरहूर लावते, चौथीला तो घड्याळाकडे पाहू लागतो. केवळ जोडीच्या बळावर चालणाऱ्या मालिकेला या नियमातून सुटका नाही.

‘चीअर्स’ची परीक्षा १९८७ साली झाली. डायनाची भूमिका करणाऱ्या शेली लाँग मालिका सोडून गेल्या. जोडीच मोडली, प्रचलित समजुतीनुसार मालिका बुडावयास हवी होती. ती आणखी सहा वर्षे चालली, इतकेच नव्हे, तर १९९०-९१ च्या हंगामात अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ठरली. हे कसे घडले, याचे उत्तर मद्यगृहातील कोपऱ्यात बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांकडे पाहिल्यावर मिळते. नॉर्म हा हिशेबनीस, बायकोकडे जाण्याचे टाळणारा. क्लिफ हा टपालखात्यातला, कोणत्याही विषयावर चुकीची माहिती ठामपणे सांगणारा. यांतील क्लिफ हे पात्र मूळ आराखड्यात नव्हतेच. दुसऱ्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला आलेल्या जॉन रॅट्झेनबर्गर या नटाने जाताजाता सुचवले, की प्रत्येक अड्ड्यावर एक सर्वज्ञ असतो. तुमच्या अड्ड्यावर तो आहे का? लेखकांना ते पटले. आपल्याकडच्या प्रत्येक कट्ट्यावर आणि कचेरीतील चहाच्या टेबलावर असा एक सर्वज्ञ असतोच. म्हणून बॉस्टनचा हा पोस्टमन मराठी वाचकालाही परका वाटणार नाही.

याहून बोलके उदाहरण फ्रेझर क्रेनचे. १९८४ साली डायनाचा नवा प्रियकर म्हणून, म्हणजे प्रेमकथेत अडथळा आणण्यापुरता, हा मानसोपचारतज्ज्ञ मालिकेत आला. थोड्या भागांनंतर तो निघून जायचा होता. तो गेला नाही. १९९३ साली ‘चीअर्स’ संपली तेव्हा त्याच्याच नावाने नवी मालिका सुरू झाली, ती अकरा हंगाम चालली आणि उत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार तिने सलग पाच वर्षे मिळवला. या नव्या मालिकेतही रंगत भरली ती फ्रेझरच्या प्रेमप्रकरणांनी नव्हे. त्याचा धाकटा भाऊ नाइल्स याने वडिलांची सेवा करणाऱ्या डॅफ्नीवर सात हंगाम केलेले मूक प्रेम, हा तिचा खरा जिव्हाळा होता. नाइल्सची पहिली पत्नी मॅरिस तर पडद्यावर कधीच आली नाही. केवळ इतरांच्या बोलण्यातून ती उभी राहिली. न दिसणारे पात्रही घर व्यापू शकते, हे दुय्यम पात्रांच्या सामर्थ्याचे टोक म्हणावे लागेल.

सहा जणांचा करार

१९९४ ते २००४ या काळात चाललेल्या ‘फ्रेंड्स’ या मालिकेचा विचार आणखी एका कारणासाठी करणे अगत्याचे आहे. न्यूयॉर्कमधील सहा तरुण मित्रमैत्रिणींच्या या कथेत रॉस आणि रेचेल ही ठरलेली जोडी होती. दुसऱ्या हंगामात ती जमली, तिसऱ्यात तुटली, आणि शेवटच्या भागात पुन्हा एकत्र आली. मुद्दल दहा वर्षे पुरवून वापरले गेले. पण ही दहा वर्षे त्या दोघांनी एकट्याने पेलली नाहीत. १९९८ साली, चौथ्या हंगामाच्या अखेरीस, लंडनमधील एका प्रसंगात मोनिका आणि चँडलर ही दोन पात्रे एकत्र आलेली दाखवली गेली. चित्रीकरणाला उपस्थित असलेल्या प्रेक्षकांनी त्या क्षणाचे इतक्या जल्लोषात स्वागत केले, की लेखकांनी तो धागा पुढे नेला आणि २००१ साली त्यांचे लग्न लावून दिले. लग्नानंतरही ही जोडी हसवत राहिली. मीलनाने विनोद संपतो हा सिद्धान्त मालिकेच्या दुसऱ्या जोडीने खोटा ठरवला, आणि पहिल्या जोडीची दिरंगाई प्रेक्षकाने त्यामुळेच सोसली.

हे शक्य झाले त्यामागे पडद्याबाहेरची एक गोष्टही होती. दुसऱ्या हंगामापर्यंत सहा कलावंतांचे मोबदले वेगवेगळे होते. रॉस आणि रेचेलच्या भूमिका करणाऱ्या डेव्हिड श्विमर आणि जेनिफर ॲनिस्टन यांना इतरांहून अधिक मिळत असे. १९९६ साली तिसऱ्या हंगामाच्या वाटाघाटींत सहाही जण एकत्र बसले आणि सर्वांना समान वेतन हवे, अशी मागणी त्यांनी केली. ज्यांना जास्त मिळत होते त्यांनी आपले पाऊल मागे घेतले. प्रत्येकी, प्रत्येक भागाला ७५,००० डॉलरपासून सुरू झालेला हा समान दर अखेरच्या दोन हंगामांत १० लाख डॉलरपर्यंत पोहोचला. सामुदायिक वाटाघाटींचे तत्त्व गिरणीकामगार, बँक कर्मचारी आणि शिक्षक यांना चांगले परिचित आहे. झगमगाटाच्या धंद्यातही ते लागू पडते, हे यावरून दिसले. त्याचा कथेशी संबंध नाही असे समजू नये. जेथे सहाही जण समान, तेथे कोणीच दुय्यम नाही. कथेचे ओझे आज या खांद्यावरून उद्या त्या खांद्यावर टाकण्याची लेखकाला मोकळीक राहते.

अर्थात या समतेलाही सीमा होती. कॉफीच्या दुकानात काम करणारा गुंथर दहा वर्षे रेचेलवर मनोमन प्रेम करतो आणि शेवटच्या भागात ते बोलून दाखवतो. ही भूमिका करणारे जेम्स मायकेल टायलर यांना प्रथम घेतले गेले ते कॉफीचे यंत्र चालवता येते म्हणून. सुरुवातीला त्यांना एकही वाक्य नव्हते. २०२१ साली ते निवर्तले तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त केली. समान वेतनाचा करार मात्र सहा जणांचा होता. कायम कामगारांच्या संघटनेबाहेर राहिलेल्या बदली कामगाराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

लग्नानंतर सुरू होणारी गोष्ट

भारतात या प्रश्नाने निराळे वळण घेतले. येथे घरात एकच संच असे, आणि त्यापुढे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र बसत. तरुण-तरुणीची लांबत जाणारी प्रेमकथा अशा मेळाव्यात अवघडलेपणाची ठरली असती. म्हणून आपल्या विनोदी मालिकांनी जोडपे विवाहितच घेतले आणि गंमत आणण्याचे काम तिसऱ्यावर सोपवले. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘ये जो है जिंदगी’मध्ये शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचे जोडपे घरात स्थिर होते; हालचाल होती ती राकेश बेदी यांच्या मेहुण्याची आणि दर भागात नव्या वेषात अवतरणाऱ्या सतीश शहा यांची. हिंदीतील व्यंगलेखक शरद जोशी यांच्या लेखणीने त्या घराच्या दारातून एका शहराची माणसे आत आणली.

१९९४ च्या सुमारास आलेल्या ‘श्रीमान श्रीमती’ने यापुढे पाऊल टाकले. केशव कुलकर्णी शेजारच्या अभिनेत्रीवर भाळलेला, आणि त्या अभिनेत्रीचा नवरा दिलरुबा केशवच्या पत्नीवर, कोकिळेवर, भाळलेला. जतीन कनाकिया, रीमा लागू, राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग या चौघांनी हा चौकोन रंगवला. वरकरणी धीट वाटणारी ही कल्पना मुळात अत्यंत सुरक्षित होती. कारण काहीही घडणार नाही याची हमी प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून होती. ‘चीअर्स’मधील प्रेम लांबवले जात होते, येथे ते अशक्यच होते, म्हणून मुद्दल कधी संपण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही स्त्रिया आपापल्या नवऱ्यांहून शहाण्या होत्या, हे या मालिकेचे बळ. हीच चौकट घेऊन २०१५ साली ‘भाभीजी घर पर हैं’ आली. दर आठवड्याऐवजी जवळजवळ रोज भाग काढायचा म्हटल्यावर तेच आकर्षण, त्याच नजरा आणि तीच फजिती यांची आवर्तने सुरू झाली. हमी तीच राहिली. परंतु स्त्रीपात्रांचा शहाणपणा मागे पडून त्यांचे दिसणेच पुढे आले. विसंगतीतून येणारा विनोद आणि टक लावून पाहण्यातून काढलेला विनोद यांत अंतर आहे, आणि वेग वाढला की ते अंतर पुसले जाते.

पोपटलालची प्रतीक्षा

या वेगाचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातील तारक मेहतांच्या गुजराती सदरावर आधारलेली ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि तिने चार हजारांहून अधिक भागांचा पल्ला ओलांडला. मुंबईतील गोकुळधाम सोसायटी हे तिचे स्थळ. विजेच्या उपकरणांचा दुकानदार जेठालाल आणि त्याची पत्नी दया ही मध्यवर्ती जोडी. दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी २०१७ साली रजेवर गेल्या, त्या परतल्या नाहीत. नायिकेवाचून मालिका वर्षानुवर्षे चालली. ‘चीअर्स’ने तीस वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये जे सिद्ध केले, तेच गोकुळधामने मुंबईत सिद्ध केले. जोडीतील एक बाजू रिकामी असतानाही सोसायटी भरलेली होती. भिडे मास्तर आणि त्यांची ‘सखाराम’ नावाची स्कूटर, अय्यर, सोढी, डॉक्टर हाथी, चंपकलाल. इतक्या प्रांतांची माणसे एका आवारात नांदताना दाखवणे हे या मालिकेचे श्रेय आहे, आणि ते कोणीही नाकारू नये.

पण त्याच सोसायटीत पत्रकार पोपटलाल राहतो. त्याचे लग्न होत नाही. स्थळे येतात, ठरतात, मोडतात. प्रारंभी हा विनोद निर्मळ होता. मध्यमवयीन अविवाहित माणसाची धडपड कोणालाही हसवील. शेकडो भागांनंतर मात्र त्याच माणसाला त्याच जखमेवरून हसणे म्हणजे करमणूक की क्रौर्य, असा प्रश्न पडतो. सॅम आणि डायनाची प्रतीक्षा कशासाठी तरी होती. पोपटलालची प्रतीक्षा केवळ उद्याचा भाग निघावा यासाठी आहे. त्याला लग्नही मिळत नाही आणि लग्नाच्या आशेतून बाहेर पडण्याची मुभाही मिळत नाही. दुय्यम पात्राला जीवन न देता केवळ लकब दिली, की त्याचे असे होते. भिडे मास्तर शिकवतात काय, पोपटलाल लिहितो काय, याचे कुतूहल हळूहळू संपते. उरतो तो ठरावीक त्रागा आणि ठरावीक उसासा. सीमांत उपयोगिता शून्याजवळ आलेली असते. परंतु गिरणी थांबवायची नसते, म्हणून सूत निघत राहते.

शेवट ठरवण्याचे धैर्य

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये २००१ साली ‘द ऑफिस’ ही कागदविक्रीच्या कचेरीतील कारकुनांवरची मालिका आली. टिम आणि डॉन यांची अबोल प्रीती हा तिचा हळवा धागा. अवघे चौदा भाग झाले. २००३ च्या नाताळात दोघे एकत्र आले आणि मालिका संपली. अमेरिकेने हीच मालिका २००५ मध्ये आपल्या मातीत रुजवली. तेथे जिम आणि पॅमचे लग्न २००९ साली झाले आणि मालिका २०१३ पर्यंत, दोनशेहून अधिक भाग, चालली. लग्नानंतरचा भार ड्वाइट, अँजेला, केव्हिन अशा टेबलाटेबलांवरच्या सहकाऱ्यांनी उचलला, आणि बराच काळ समर्थपणे उचलला. तरी शेवटच्या हंगामात सुखी जोडप्याच्या संसारात मुद्दाम ताण आणावा लागला. दोन्ही मार्ग आपापल्या परीने यशस्वी झाले. मात्र दोन्हींमध्ये एक गोष्ट समान होती: कधीतरी शेवट आहे, हे लेखकाला ठाऊक होते.

आपल्याकडे नेमके हेच हरवले आहे. मालिका किती भागांची, हे लेखक ठरवत नाही. जाहिरातींचा ओघ आणि प्रेक्षकसंख्येचा साप्ताहिक आकडा ठरवतो. आठवड्याला पाच-सहा भाग लिहिणाऱ्या लेखकाला पात्राचा विचार करण्यास उसंत नसते. हाताशी असलेली लकब तो पुन्हा वापरतो. पात्र लकबीइतके लहान झाले, की ते साकारणारा नटही बदलता येण्याजोगा भाग बनतो. एक गेला, दुसरा आणला. प्रेक्षक दोन दिवस कुरकुरतो आणि सरावतो. दुय्यम कलावंताचे मोल ठरवताना ही सोय निर्मात्याच्या पथ्यावर पडते. ‘फ्रेंड्स’च्या सहा जणांना जे साधले, ते त्यांची पात्रे अदलाबदल करता येण्याजोगी नव्हती म्हणून साधले. चांगले लेखन हे केवळ प्रेक्षकाच्या नव्हे, कलावंताच्याही हिताचे असते, ते असे.

यावर उपाय नाही असे नाही. भागांची संख्या आधी ठरवून साप्ताहिक मालिका काढणे हा पहिला. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात मर्यादित भागांची पद्धत रूढ होती, आणि त्या काळातील मालिकांची आठवण लोक आजही काढतात ती केवळ स्मरणरंजनापोटी नव्हे. दुसरा उपाय लेखकाच्या हाती आहे: जोडीइतकाच विचार शेजाऱ्याचा करावा, त्याला नोकरी, कर्ज, मत आणि बदलण्याची संधी द्यावी. २००१ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ने एका मध्यमवर्गीय कुटुंबात, प्रेमिकांऐवजी आजोबांना केंद्रस्थानी ठेवून, हे करून दाखवले होते. तिसरा उपाय प्रेक्षकाचा. मालिका कंटाळवाणी झाली हे कळूनही सवयीने संच चालू ठेवणारा प्रेक्षक त्या कंटाळ्याचा भागीदार असतो. मागणी घटल्याशिवाय पुरवठा सुधारत नाही.

हा सारा खटाटोप एका करमणुकीसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. चाळी पाडल्या गेल्या, वाडे गेले, नव्या इमारतींत शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीपुरते उरले. अशा वेळी संध्याकाळी घरात येणारे पडद्यावरचे शेजारी हे अनेक एकाकी माणसांचे खरेखुरे शेजारी झाले आहेत. त्यांतील हिशेबनीस, मास्तर, पोस्टमन, अविवाहित पत्रकार यांना आपण कसे हसतो, यावरून प्रत्यक्षातील हिशेबनिसाला आणि मास्तराला आपण कसे वागवणार, हे थोडेफार ठरत असते. जोडीचे लग्न आज ना उद्या होईल. शेजारच्या बिऱ्हाडाला मात्र माणूस म्हणून राहू दिले पाहिजे.